चार इंच खाली

मीटिंगच्या खोलीत आल्या की ताई आधी खुर्ची ओढायच्या. आवाज न करता, अलगद वगैरे नाही. फरशीवरून चांगली खर्रकन ओढायच्या, इतकी की बोलणारा साहेब अर्ध्या वाक्यात थांबायचा. मग बसायच्या, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायच्या आणि म्हणायच्या, "हां, बोला सायेब."

तुम्ही कुठल्याही कंपनीत किंवा ऑफिसात काम केलं असेल तर अशी खोली तुमच्या ओळखीची असेल. मधोमध लांब टेबल, त्याच्याभोवती गादीच्या खुर्च्या आणि भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग. कुणी कुठं बसायचं हे कुठंच लिहिलेलं नसतं. तरी बायका आत आल्या की आपोआप भिंतीकडे वळतात. आमची कंपनी आंबीला. मोटारीच्या आत वायरींचे जे जुडगे असतात ते आम्ही बनवतो. लाइनवर उभ्या राहतात त्या जवळजवळ सगळ्या बायका, आणि टेबलाभोवती बसतात ते जवळजवळ सगळे पुरुष. ताई तेवढ्या दोन्हीकडे असायच्या.

मी डिप्लोमा करून क्वालिटीत ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या खोलीत गेले आणि मांडीवर वही ठेवून भिंतीला बसले. ताईंनी मागे वळून बघितलं. शेजारची खुर्ची तशीच खर्रकन ओढली आणि तिच्या गादीवर थाप मारली.

"हितं."

"नको ताई, इथं ठीक आहे."

"भिंतीला बसलेलीला चहा इचारत्यात, मत न्हाई इचारत. ये हितं."

मी गेले. कान लाल झाले होते. त्या दिवशी मला कुणी मत विचारलं नाही, पण चहाही आणायला सांगितला नाही.

चहाचं प्रकरण थोड्याच दिवसांत झालं. प्लँटचे मोठे साहेब बोलता बोलता थांबले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "जरा चहाचं बघता का कुणी?" स्टोअरची एक मुलगी आणि मी, दोघी एकदम उठलो. ताईंनी नजर वर न करता आम्हाला खाली बसायची खूण केली. मग साहेबांना म्हणाल्या, "सायेब, मशीन त्या कोपऱ्यात हाय. बटन हिरवं हाय. कप खाली धरायचा." खोलीत सगळे हसले, साहेबही हसले, आणि खरोखर उठून स्वतःचा चहा घेऊन आले. ताईंनी हे रागानं म्हटलं असतं तर त्यांना तिथंच निस्तरावं लागलं असतं. त्या मशीनची माहिती दिल्यासारख्या बोलल्या होत्या.

ताईंचं शिक्षण बारावी आणि आयटीआय. पवना भागातलं माहेर, कामशेतला रुळांपलीकडे दोन खोल्यांचं घर, नवरा अंथरुणाला खिळलेला. या शेवटच्या गोष्टीबद्दल त्या बोलायच्या नाहीत आणि आम्हीही विचारायचो नाही. लाइनवर वायर तोडण्यापासून सुरुवात करून त्या सुपरवायझर झाल्या होत्या, आणि चार वर्षांपासून शिफ्ट इन्चार्जचं काम बघत होत्या. पत्रात "तात्पुरत्या" असा शब्द होता. तात्पुरतं म्हणजे किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारायच्या.

माझं ट्रेनिंग संपून पहिली शिफ्ट लागली, तेव्हा घरी कुरकुर सुरू झाली. कंपनीची बस कामशेतच्या फाट्यावर पहाटे सव्वापाचला यायची. माझे वडील भाताच्या गिरणीत कामाला. ते म्हणाले, "अंधारात एकटी मुलगी पाठवायची नाही." मी ताईंना सांगितलं की आता बहुतेक सोडावं लागणार. ताई त्याच रविवारी आमच्या घरी आल्या, वडिलांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"भाऊ, पोरगी फाट्यावर एकटी न्हाई जायची. मी येती न्यायला. आजून काय अडचन?"

वडील म्हणाले, "मग हरकत नाही." तिथून पुढे वर्षभर ताई रोज पाच वाजता आमच्या दाराशी यायच्या. वाजवायच्या नाहीत, शेजारी जागे होतील म्हणून नुसत्या खोकायच्या. फाट्यापर्यंत चालताना त्यांची शिकवणी चालायची. "माफ करा सर, असं म्हणून बोलनं सुरू करू नकोस. काय गुन्हा केलाय?" किंवा, "आकडा आदी सांग, कारन मंग." आणि सगळ्यात जास्त वेळा हे, की "कुनी काम देतो म्हनलं तर आदी हो म्हन, मंग घाबर. बाया आदी घाबरत्यात. तवर तो बाबा हो म्हनून मोकळा."

हे वाक्य माझ्या हाडात गेलं. पुढं काय झालं ते कळल्यावर तुम्ही म्हणाल, जरा जास्तच गेलं.

आता कायझेनचं सांगायला हवं. शब्द जपानी आहे, पण आमच्या कंपनीत त्याचा अर्थ एक कागद एवढाच. लाइनवर काही सुधारणा केली की तो भरायचा. डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे नंतरचा, आणि खाली एक चौकट, कल्पना कुणाची त्याच्या नावाची. ताईंचा या चौकटीवर भारी जीव. लाइनवरच्या बायका काहीबाही सुचवायच्या आणि "असू द्या हो ताई, माझं नाव कशाला" म्हणायच्या. त्यावर ताई तडकायच्या.

"नाव न्हाई लिवलं की काम कुनाचंच नसतं. मंग कुनी बी उचलून नेतो. लिव."

बायकांची नावं त्या स्वतःच्या हातानं लिहायच्या. नोटिस बोर्डावर कागद लागला की जिचं नाव असेल तिला हाताला धरून तिथं नेऊन उभी करायच्या. अर्ध्याहून जास्त कल्पना मुळात ताईंच्याच असायच्या, पण त्या चौकटीत त्यांचं नाव मी एकदाही बघितलं नाही.

सगळ्यात मोठं काम बोर्डांच्या उंचीचं. बोर्ड म्हणजे दाराएवढी तिरकी उभी फळी. तिच्यावरच्या खुंट्यांमधून वायरी गुंफत जायच्या, आठ तास, उभ्यानं. आमचे बोर्ड बाहेरच्या प्लँटमधून आलेले, पुरुषांच्या उंचीच्या हिशेबानं केलेले. बायकांचे हात दिवसभर खांद्यांच्या वर. परतीच्या बसमध्ये निम्म्या जणी एकमेकींचे खांदे चोळत बसायच्या. डॉक्टर म्हणायचे कॅल्शियम कमी आहे.

ताईंनी शिंप्याची टेप आणली. जेवणाच्या सुट्टीत एकेकीला भिंतीला उभी करून जमिनीपासून खांद्यापर्यंत माप घेतलं. बायका लाजून हसायच्या. "ब्लाऊज शिवताय का ताई?" ताई म्हणायच्या, "नीट उभी ऱ्हा. टाचा वर करू नको, लबाड." सगळी मापं घेऊन झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी त्यांच्याशेजारी बसून ड्रॉइंग काढलं. मेंटेनन्सच्या मागं लागून ताईंनी एका रविवारी सगळ्या बोर्डांचे पाय कापून घेतले. चार इंच.

महिन्याभरात बसमधलं खांदे चोळणं थांबलं. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. काम वाढलं, चुका कमी झाल्या, हेड ऑफिसचे लोक बघायला आले. कागद भरायची वेळ आली तेव्हा ताईंनी पेन उचललं आणि चौकटीत माझं नाव लिहिलं.

"ताई, ही तर तुमची कल्पना."

"ड्रॉइंग कुनी काढलं?"

"पण..."

"तुला फुडं जायचंय. माजं काय, मला हितल्या भिंती बी वळखत्यात."

मी आणखी एकदा "पण" म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. कंपनीच्या दारात शिरताच डाव्या हाताला तो कागद चौकट करून लावला आहे. त्यात माझा फोटो आहे, मी जरा जास्तच हसते आहे.

पुढच्या महिला दिनाला आम्हा निवडक बायकांना तुंगार्लीच्या एका बंगल्यात नेतृत्वाच्या शिबिराला नेलं. मुंबईहून एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. छान साडी, छान आवाज. त्यांनी आम्हाला रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी करू शकते" असं म्हणायला सांगितलं. मग कागदावर एक गोल काढून आयुष्याचे आठ भाग करायला लावले, कुटुंब, आरोग्य, छंद असे. ताईंनी गोलाचा एकच भाग रंगवला आणि हात वर केला.

"बाई, येक इचारू? वरच्या टेबलाला खुर्च्या बारा हायेत. त्यातली येखादी रिकामी कदी व्हनार, ते ठरवतं कोन?"

प्रशिक्षक बाई हसल्या. म्हणाल्या, "आधी आपण स्वतःला बदललं की खुर्ची आपोआप येते." ताईंनी मान हलवली आणि समोसा उचलला. परत येताना बसमध्ये मला म्हणाल्या, "आपोआप मला आजवर निस्तं वय आलं." आम्ही कामशेत येईपर्यंत हसत होतो.

त्याच शिबिरात शेवटी मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं, की शिफ्ट इन्चार्जची जागा आता कायमची भरणार, आणि ती एका महिलेलाच देणार. सगळ्या ताईंकडे बघून टाळ्या वाजवत होत्या. मी सगळ्यात जोरात.

दोन दिवसांनी ताई माझ्याकडे अर्ज घेऊन आल्या. त्यांचा नाही, माझ्या नावाचा.

"मी कशाला? जागा तुमची आहे."

"नीट ऐक. येकीचंच नाव गेलं तर म्हनत्यात, बायांत दुसरं कुनी तयारच न्हाई, मंग बाहेरनं मानूस आनू. दोन नावं गेली की दोघींतली येक तरी त्यांना घ्यावीच लागती. तू निस्ती सही कर."

तुम्हीच सांगा, यात काय चुकलं? मला आजही यात चूक सापडत नाही. इतकी वर्षं ती खोली बघून त्यांनी काढलेला हिशेब होता, आणि तो तंतोतंत खरा ठरला. दोघींतली एक त्यांनी घेतली.

मुलाखतीच्या दिवशी ताई माझ्या आधी आत गेल्या. दहा मिनिटांत बाहेर आल्या. "म्हनले, तुमी केलेलं काम दाखवा. मी म्हनलं, चला लाइनवर, दावते. म्हनले, न्हाई, फाइलीत दाखवा." एवढं सांगून त्यांनी माझी ओढणी सारखी केली आणि मला आत ढकललं.

आत हेड ऑफिसचे तिघे होते. एकानं लॅपटॉपवर कायझेनचे कागद नावानुसार लावून ठेवले होते. ज्याचं ड्रॉइंग मी काढलं त्या प्रत्येक कागदावर ताईंनी माझंच नाव घातलं होतं, त्यामुळे माझ्या नावावर एक लांब यादी होती. ताईंच्या नावावर काय होतं ते मला विचारायची गरजच नव्हती. त्यानं बोर्डांचा कागद उघडला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ही चार इंचांची आयडिया, हे एक्सलंट आहे. ही तुमचीच ना?"

मला विचार करायला वेळ होता. घाईत तोंडून गेलं असं मी लोकांना सांगते, ते खोटं आहे. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या बायका मला दिसल्या, शिंप्याची टेप दिसली. आणि कानात ताईंचाच आवाज आला, आधी हो म्हण, मग घाबर.

"हो सर," मी म्हणाले.

त्या वाक्याच्या आड मी लपले. ताईंनी ते कामासाठी शिकवलं होतं, हे मला चांगलं कळत होतं.

निकाल सोमवारी लागला. ताईंनीच लाइन थांबवून तो सगळ्यांना सांगितला. मग ताईंनी टाळ्या सुरू केल्या आणि इतर जणींनी त्यांच्याकडे बघून वाजवल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी पाठीवर हात ठेवला. "झालं न्हवं? येक तरी घेतली." त्यांचा आवाज बसला होता. मी म्हणाले, "ताई, मुलाखतीत त्यांनी मला बोर्डांचं विचारलं..." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण लाइनवर रडायचं नाही हेही त्यांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग मी कधी विसरणार नाही. मी आत गेले, खुर्ची ओढली. खर्रकन आवाज झाला. ताई आल्या, टेबलाला वळसा घातला आणि भिंतीच्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

"ताई, इकडे या ना."

"असू द्या मॅडम. हितं बरं हाय."

त्यांनी मला मॅडम म्हटलं यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो झेलला असता. त्या खरंच थकलेल्या दिसत होत्या, केसांची कानाजवळची बट पांढरी झालेली मला पहिल्यांदा दिसली. मी उत्पादनाचे आकडे सांगायला लागले. आकडा आधी, कारण मग. मध्येच मोठे साहेब कुणाकडेच न बघता म्हणाले, "जरा चहाचं बघता का कुणी?"

ताई उठल्या. कोपऱ्यात गेल्या, हिरवं बटण दाबलं आणि एकामागून एक कप भरायला लागल्या. बारा कप. मला काहीतरी म्हणायचं होतं. मशीनची माहिती देणारं ते वाक्य मला पाठ होतं. माझ्यासमोर कप आला तेव्हा मी "थँक्यू" म्हणाले.

तीन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. मला कंपनीनं गाडी दिली होती, त्यामुळे बसमध्ये त्यांची जागा रिकामी झाली तेव्हा मी तिथं नव्हते. लाइनवरच्या बायका माझ्याशी नीट बोलतात, मॅडम म्हणतात, पण कुणी काही सुचवत नाही. कायझेनचे कागद कोरे पडून आहेत. मी दोनदा हेड ऑफिसला पत्र लिहायला घेतलं, की त्या कागदावरचं नाव बदला. दोन्ही वेळा खोडून टाकलं. हे तुम्हाला सांगते आहे, पण बघा, इतकं लिहूनही ताईंचं नाव मी कुठं लिहिलेलं नाही. लिहिलं तर उद्या कंपनीत कुणीतरी वाचेल. माझी तेवढीसुद्धा हिंमत नाही.

या वर्षी महिला दिनाला मला त्याच तुंगार्लीच्या बंगल्यात भाषणाला बोलावलं, विषय "नेतृत्व आणि स्त्री". मी मुलींना सांगितलं, टेबलाला बसा, केलेल्या कामावर नाव लिहा. मुली वहीत उतरवून घेत होत्या. भाषण संपवून बाहेर आले तर व्हरांड्यात किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून ताई उभ्या होत्या. त्या भागातल्या चार-पाच बंगल्यांची साफसफाई आता त्या बघतात, असं त्यांनी सांगितलं. नवरा गेल्या पावसाळ्यात गेला. मला कळवलं नव्हतं.

"ऐकलं मी दारातनं," त्या म्हणाल्या. "चांगलं बोललीस. माफ करा म्हनून सुरू न्हाई केलंस."

पुन्हा "तू" म्हणाल्या, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगणारच होते, की ताई, तो कागद मी बदलून घेते, माझं काय व्हायचं ते होऊ दे. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"आनि बोर्ड? बोर्ड हायेत न्हवं खालीच? पोरींचे खांदे बरे हायेत?"

डिसेंबरात आमच्याकडे नवी लाइन आली आहे. बोर्ड दुसऱ्या प्लँटमधून आले, जुन्याच उंचीचे. मी पाय कापायचं म्हणाले. मोठे साहेब म्हणाले, सगळीकडे एकच स्टँडर्ड ठेवायचं ठरलंय, जुनेही बदलून मिळतील. नवे आणि बदलून आलेले, सगळे बोर्ड ताब्यात घेतल्याच्या कागदावर शिफ्ट इन्चार्जची सही लागते. चौकटीत मी माझं नाव लिहिलं. आता परतीच्या बसमध्ये काय चालतं ते मला माहीत नाही, मी गाडीनं जाते.

ताई माझ्याकडे बघत होत्या. त्या कंपनीत त्यांनी मागं ठेवलेलं, आपलं म्हणावं असं एवढं एकच काम होतं, आणि ते तिथं नीट आहे ना, एवढंच त्या विचारत होत्या.

"हो ताई," मी म्हणाले. "खालीच आहेत."

"मंग झालं," ताई म्हणाल्या, आणि आतल्या खुर्च्या भिंतीला लावायला निघून गेल्या.